तेराव्या वर्षी हातात आलेला कॅमेरा

आज मी तुम्हाला फोटो काढायला शिकलेल्या मुलींचा इतिहास सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आपल्याला काय करायचंय त्याच्याशी? पण हा विषय मला आपल्यातल्याच एका मुलीनं दिला. म्हणून आधी तिची गोष्ट सांगते.

रविवारी कासारसाईच्या धरणावर काय गर्दी असते ते आपण बघतोच. हिंजवडीकडून, चिंचवडकडून गाड्या येतात. लग्न ठरलेली जोडपी फोटोग्राफर घेऊन येतात. नवरी मुलगी घेरदार झगा घालून पाण्याच्या कडेला उभी राहते, मदतनीस पोरगा एक चकचकीत पडदा धरून उभा असतो आणि आपल्या मुली बांधावर बसून ते सगळं बघत असतात. अशीच आठवीतली एक मुलगी एकदा मला म्हणाली, "मावशी, तो पडदा कशाला धरतात? आणि तो फोटोवाला संध्याकाळ व्हायची वाट का बघत बसला होता?" मला सांगता येईना. मग हळूच म्हणाली, "मला पण शिकायचंय. पण आई मोबाईलला हात लावू देत नाही."

तिची आई आपल्या गटातलीच. मी तिच्याशी बोलले, तर ती म्हणाली, "ताई, मला काय हौस आहे होय पोरीला अडवायची? पण फोटो कुठून कुठं जातो ते कळतं का आपल्याला? काही झालं तर नाव पोरीचंच खराब होतं. पोराचं कोण बघतंय?"

मुलीचंही खरं आणि आईचंही खरं. मग मी शोधायला लागले, की आपल्याआधी कुणी मुली याच वयात फोटो काढायला शिकल्या का, आणि त्यांना ते कसं जमलं. जे सापडलं ते आज तुमच्यापुढं ठेवते.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. जुन्या कौलारू घरात दुपारी अंधार असायचा. कौलातल्या फटीतून उन्हाची तिरीप यायची आणि सारवलेल्या जमिनीवर गोल ठिपका पडायचा. त्याला आपण कवडसा म्हणतो. कौलाची फट असते वाकडीतिकडी, मग कवडसा गोल का? कारण तो फटीचा आकार नसतोच. ते सूर्याचं चित्र असतं. ग्रहणाच्या वेळी तोच कवडसा चंद्रकोरीसारखा होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. दाराला बारीक भोक असेल आणि बाहेर लख्ख ऊन असेल, तर समोरच्या भिंतीवर रस्त्यावरून जाणारं माणूसही दिसतं, पण खाली डोकं वर पाय. कॅमेरा म्हणजे एवढंच. एक अंधारी खोली आणि उजेडाला आत यायला एक भोक. भोकाला भिंग बसवलं की चित्र स्वच्छ होतं. समोर उजेडानं बदलणारा रासायनिक लेप असला की ते टिकून राहतं. म्हणजे कॅमेरा आपल्या आजीच्या घरात होताच, फक्त चित्र धरून ठेवायची सोय नव्हती.

ती सोय १८३९ साली फ्रान्समध्ये जगापुढं आली. थोड्याच दिवसांत कॅमेरा बोटीनं आपल्याकडं पोचला. १८५४ साली मुंबईत फोटो काढणाऱ्यांची सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पण तेव्हा फोटो काढणं म्हणजे मोठा खटाटोप होता. काचेवर औषधाचा लेप लावायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. बाहेरगावी जायचं तर काचा, बाटल्या, पाणी आणि काळा तंबू एवढं सगळं बरोबर. औषधानं बोटं काळी पडायची. हे काम पैसेवाल्यांचं, शिकलेल्यांचं आणि पुरुषांचं. मुलींना त्यात जागा नव्हती.

बाईला जागा होती ती कॅमेऱ्यापुढं, आणि तीही सुखासुखी मिळाली नाही. पडद्यातल्या बायकांनी परक्या पुरुषासमोर फोटोला बसायचं कसं? म्हणून प्रसिद्ध छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढायला बाईच नेमली होती, केनी-लेव्हिक नावाची एक इंग्रज बाई. मैत्रिणींनो, इथं थोडं थांबू. बायकांचे फोटो काढायला बाई असावी, ही गरज सव्वाशे वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. आज आपल्या मुलीच्या आईला जी भीती वाटते, त्याच भीतीवर तेव्हा हा उपाय निघाला होता. मुलींनी फोटोपासून लांब राहावं असं न म्हणता, बाईच्याच हातात कॅमेरा दिला.

मग १९०० साल उजाडलं. अमेरिकेत कोडॅक कंपनीनं ब्राउनी नावाचा कॅमेरा काढला. पुठ्ठ्याची साधी पेटी, पुढं भिंग, किंमत एक डॉलर. तो काढलाच होता मुलांसाठी. सहा फोटोंचा रोल घालायचा, खटका दाबायचा, रोल धुवायला द्यायचा. पहिल्याच वर्षात लाखाच्या वर कॅमेरे खपले. त्यानंतर जगात बऱ्याच मोठ्या फोटोग्राफरांची सुरुवात अशाच पेटीवर झाली. डोंगरदऱ्यांच्या फोटोंसाठी जगभर नाव मिळवलेल्या अमेरिकेच्या ॲन्सेल ॲडम्स यांना १४ वर्षांचे असताना आईवडिलांनी असाच पेटी कॅमेरा दिला होता, सहलीला गेल्यावर खेळायला म्हणून.

तिकडं मुलांच्या हातात कॅमेरा खेळणं म्हणून आला. आपल्याकडं बाईच्या हातात तो कष्ट म्हणून आला. त्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे.

दादासाहेब फाळके आपल्याला माहीत आहेत. मूळचे त्र्यंबकेश्वरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोचा धंदा केला. १९१२ साली लंडनला जाऊन सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांना दाखवला. पण सरस्वतीबाई फाळके किती जणींना माहीत आहेत? त्या काळी सिनेमाची कोरी फिल्म कडेला भोकं न पाडता यायची. ती भोकं अंधारात, यंत्रावर, एकसारखी पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई शिकल्या. औषधं कालवून फिल्म धुवायला शिकल्या. भर उन्हात उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. सिनेमासाठी अंगावरचे दागिने दिले. आणि कामावरच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडंच होता. धरणावरचा तो पोरगा चकचकीत पडदा का धरतो, त्याचं उत्तर मला सरस्वतीबाईंकडून मिळालं. ऊन डोक्यावर किंवा पाठीमागं असलं की चेहऱ्यावर सावली पडते. पडद्यावरून उजेड परतवला की चेहरा उजळतो. शंभर वर्षांपूर्वी हे एका मराठी गृहिणीला ठाऊक होतं. पण तिचं नाव लोक घ्यायला लागले ते फार उशिरा.

फाळक्यांच्याच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर' या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकींनी काम केलं. त्याआधी बाईचं काम पुरुषच करत, कारण कॅमेऱ्यापुढं यायला बायका मिळत नव्हत्या. तेव्हा कमलाबाई जेमतेम तेरा वर्षांची होती. ती येऊ शकली, कारण तिची आई बरोबर होती. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढं लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. ज्या १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला, त्याच वर्षी ९ डिसेंबरला गुजरातमधल्या नवसारीला एका पारशी घरात मुलगी जन्मली. नाव होमाई. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत नट होते, त्यामुळं घरची परिस्थिती बेताचीच. होमाई वाढली, शिकली ती मुंबईत. १९२६ साली, तेरा वर्षांची असताना, तिची माणेकशा व्यारावाला या तरुणाशी ओळख झाली. त्याला फोटोचा नाद होता. त्याच्याकडून होमाई कॅमेरा शिकली, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं शिकली, कागदावर फोटो उतरवणं शिकली.

१९२६ साल म्हणजे काय काळ होता ते बघा. मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा असावं, असं सांगणारा शारदा कायदा व्हायला अजून तीन वर्षं होती. आपल्या आज्या-पणज्या तेराव्या वर्षी सासरी नांदत होत्या, कडेवर मूल असायचं. होमाईच्या हातात त्या वयात कॅमेरा आला आणि शाळा सुटली नाही. पुढं सेंट झेवियर्स कॉलेजातून तिनं पदवी घेतली, जे. जे. कलाशाळेत शिकली. माणेकशाशी लग्न झालं, पण केव्हा? १९४१ साली. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीनं शिकायला सुरुवात केली, आणि नीट शिकून, कमावती होऊन, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर लग्न केलं. ही मधली चौदा-पंधरा वर्षं तिला मिळाली म्हणून आपल्याला होमाई व्यारावाला मिळाली.

तिच्या पहिल्या कमाईची गोष्ट ऐका. मुंबईतल्या बायकांच्या एका क्लबची सहल निघाली होती. होमाईनं त्या सहलीचे फोटो काढले आणि ते 'बॉम्बे क्रॉनिकल' या वर्तमानपत्रात १९३८ साली छापून आले. एका फोटोला एक रुपया मिळाला. बघा, सुरुवात कशानं झाली? कुठला राजा नाही, लढाई नाही. बायका एकत्र जमल्या, हसल्या-बोलल्या, त्याचा फोटो. जे. जे. मधल्या मैत्रिणींचे, त्या मूर्ती घडवताना, चित्र काढताना, असे कितीतरी फोटो तिनं काढले. मैत्रिणींना तिच्यासमोर संकोच वाटत नव्हता, म्हणून ते फोटो इतके मोकळे आले. बाहेरचा कुणी फोटोवाला असता तर त्या मुली तशा दिसल्याच नसत्या.

पण सुरुवातीला तिच्या फोटोखाली नाव कुणाचं छापलं जायचं? माणेकशाचं. बाईचं नाव आणि तेही कुणाच्या ओळखीचं नाही, म्हणून फोटो नवऱ्याच्या नावानं जायचे. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन नाही. शेत आपण कसतो, सातबारा कुणाच्या नावावर असतो? गाईची धार आपण काढतो, डेअरीच्या वहीत नाव कुणाचं असतं? फोटोचंही तसंच झालं. मात्र माणेकशानं ते नाव दाबून ठेवलं नाही. पुढं होमाईचं नाव पुढं आलं आणि त्याच्याही पुढं गेलं. अंधाऱ्या खोलीतली बरीच कामं माणेकशा करायचा आणि ती बाहेर फोटो काढत फिरायची.

१९४२ साली दोघं दिल्लीला गेली. मग ही बाई साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून दिल्लीभर सायकलवर हिंडली. पुरुष फोटोग्राफरांच्या घोळक्यात ती एकटी बाई. लोकांना वाटायचं, हौस म्हणून कॅमेरा मिरवतेय. कुणी तिला मोजतच नव्हतं. ती पुढं सांगायची, की त्याचा तिला फायदाच झाला, कारण कुणी अडवलंच नाही. १५ ऑगस्ट १९४७ च्या आसपासचे दिवस, गांधीजींची अंत्ययात्रा, पंडित नेहरू कबुतर उडवताना, १९५६ साली सिक्कीमच्या डोंगरातून भारतात येणारे तरुण दलाई लामा, असा आपल्या देशाचा इतिहास तिच्या कॅमेऱ्यातून आपल्यापर्यंत आला. शाळेच्या पुस्तकात, मासिकात आपण ते फोटो पाहिले असतील. कुणी काढले ते मात्र ठाऊक नसतं.

तिनं स्वतःला एक गमतीचं नाव घेतलं होतं, 'डालडा १३'. जन्म १९१३ चा, नवरा भेटला तेराव्या वर्षी, आणि तिच्या पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. लोक तेरा आकडा अशुभ मानतात. तिनं तोच आपला शकुन मानला.

१९७० साली तिनं काम थांबवलं. त्याच सुमाराला माणेकशाही गेले होते. पण काम सोडायचं कारण तिनं वेगळंच सांगितलं. नव्या फोटोवाल्यांची वागणूक तिला पटत नव्हती. कुणाचा मान नाही, मर्यादा नाही, धक्काबुक्की करून फोटो घ्यायचे. फोटो मिळाला नाही तरी चालेल, पण माणसाचा मान राखायचा, असं मानणारी ती होती. पुढची कितीतरी वर्षं ती बडोद्याला राहिली. सरकारनं २०११ साली तिला पद्मविभूषण दिलं आणि १५ जानेवारी २०१२ रोजी ९८ व्या वर्षी ती गेली. आज तिला भारतातली पहिली महिला वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून ओळखतात.

तुम्ही म्हणाल, पारशी घर, मुंबई शहर, तिथं चालून गेलं. होय, त्यांच्या समाजात मुलींच्या शिक्षणाला आपल्याआधी वाट मिळाली, हे खरं आहे. पण तसं बघितलं तर काशीजवळच्या रामनगरमध्येही हे घडलं. तिथल्या एका बंगाली शिक्षकाला १९१९ साली जुळ्या मुली झाल्या, देबलीना आणि मनोबीना. वडिलांना फोटोचा छंद होता. दोघींच्या बाराव्या वाढदिवसाला त्यांनी प्रत्येकीला एकेक कॅमेरा दिला. दोघींत एक नाही, हे विशेष. आपल्याकडं दोन बहिणींत एक सायकल घ्यायची तरी चार वेळा विचार होतो. फोटो धुण्याची सोय घरातच केली आणि स्वतः शिकवलं. दोघींची लग्नं झाली, मुलंबाळं झाली, पण कॅमेरा सुटला नाही. मनोबीनाचं लग्न सिनेमावाले बिमल रॉय यांच्याशी झालं आणि ती मुंबईला राहायला आली. 'दो बिघा जमीन' हा शेतकऱ्याच्या दुःखाचा सिनेमा त्यांचाच. मनोबीनानं संसार सांभाळून रस्त्यावरची माणसं, घरातली माणसं, थोरामोठ्यांचे चेहरे टिपले. इंग्रजी साप्ताहिकांत तिचे फोटो छापून आले.

आता या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या तर एक गोष्ट दिसते. कमलाबाईबरोबर तिची आई होती. होमाईला माणेकशानं शिकवलं. जुळ्या बहिणींना बापानं शिकवलं. मुलगी अंगात कला घेऊन आली आणि आपोआप पुढं गेली, असं कुठंच झालं नाही. जवळच्या कुणीतरी वस्तू हातात दिली, बरोबर राहून शिकवलं आणि पुन्हा काढून घेतली नाही. इतिहास एवढंच सांगतो.

आणि हे फक्त मुलींसाठी आहे असंही नाही. इंग्लंडची ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, जन्म आपल्या कलकत्त्याचा, तिला लेकीनं आणि जावयानं कॅमेरा भेट दिला तेव्हा ती ४८ वर्षांची होती. तिथून सुरुवात करून ती जगातल्या मोठ्या फोटोग्राफरांत गणली गेली. आपल्या जवळचं उदाहरण तेलंगणातल्या झहिराबादजवळच्या पस्तापूरचं. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या संघमातल्या, म्हणजे आपल्या गटासारख्याच, शेतमजूर दलित बायका व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. २००८ साली त्यांनी स्वतःचा रेडिओही सुरू केला. कॅमेरा कुठून धरायचा याला त्यांनी आपलीच नावं ठेवली. वरून खाली बघणारा फोटो म्हणजे 'पटेल शॉट', कारण जमीनदार तसा बघतो. खालून वर बघणारा म्हणजे 'गुलाम शॉट'. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून घेतलेला म्हणजे 'संघम शॉट', कारण संघमात सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात. असा धडा कुठल्या कॉलेजात शिकवत असतील असं मला वाटत नाही.

आता आपल्याकडं वळू. आपल्यातल्या बऱ्याच जणींचा एकटीचा पहिला फोटो कधी निघाला? स्थळं बघायला लागल्यावर. स्टुडिओत उसनी साडी नेसून, प्लास्टिकच्या कुंडीशेजारी उभं राहून. दुसरा निघाला आधारकार्डाला, तिसरा गटाच्या बँक खात्याला. हे सगळे फोटो दुसऱ्यानं काढले, दुसऱ्यांना दाखवण्यासाठी. आपली आई भाताच्या आवणीला कशी वाकायची, तिचे हात कसे होते, ते कुठल्या फोटोत आहे? माझ्या आईचा तसा एकही फोटो माझ्याकडं नाही. आणि आता तर खाचरंच कमी होत चाललीत. हिंजवडी वाढत वाढत आपल्या बांधापर्यंत आली. आज जिथं भात डोलतो तिथं दहा वर्षांनी काय असेल सांगता येत नाही. बाहेरचे लोक धरणावर येऊन पाण्याचे फोटो काढतात. आपल्या घरातलं, शेतातलं कोण टिपणार? ज्या मुलीला ते ठाऊक आहे तीच.

मग त्या आईच्या भीतीचं काय करायचं? भीती खोटी नाही. म्हणून मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

एक, मोबाईल लपवून ठेवण्यापेक्षा बरोबर बसा. आठवड्यातला एक तास ठरवा. फोटो काढायला शिकणं वेगळं आणि तो सगळीकडं पाठवणं वेगळं. शिकताना काढलेले फोटो घरातच राहू द्या. आईला विचारल्याशिवाय पाठवायचे नाहीत, हा नियम मुलालाही लावा.

दोन, ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी विचारायचं. तो नको म्हणाला तर नको. होमाईबाईंचा हाच नियम मुलीनं शिकला, तर आपला फोटो कुणी न विचारता काढला की नाही म्हणायचंही बळ तिला येतं.

तीन, कायदा माहीत असू द्या. बाईचे खासगी क्षण चोरून टिपणं किंवा तिच्या संमतीशिवाय पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्षाची शिक्षा आहे. मोबाईलवरून, इंटरनेटवरून असं काही घडलं तर १९३० या नंबरवर तक्रार करता येते, मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही नंबर गटाच्या वहीवर लिहून ठेवा. आणि असं काही झालंच तर मुलीला बोल लावू नका. मुलगी घरी सांगायला घाबरते, याच्यावरच तर चोराचं फावतं.

चार, शिकायचं कसं? होमाईबाईंच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो बसायचे. तेरावा नाही. त्यामुळं खटका दाबायच्या आधी नीट बघावं लागायचं. आपल्या मुलींनाही तसंच सांगा, आठवड्याला बाराच फोटो. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन कलतं असतं, चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. तो फोटोवाला संध्याकाळची वाट बघत होता ती यासाठीच. घरात फोटो घ्यायचा तर माणसाला दारापाशी किंवा खिडकीपाशी बसवायचं. आणि घरातला एखादा पांढरा पंचा धरला की झाला चकचकीत पडदा.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, फोटोखाली नाव लिहायचं. ज्याचा फोटो आहे त्याचं, गावाचं, तारीख आणि ज्या मुलीनं काढला तिचं. गटाच्या अहवालात, ग्रामसभेच्या भिंतीवर, शाळेच्या फलकावर जिथं तिचा फोटो लागेल तिथं तिचं नाव लागू द्या. सरस्वतीबाईंचं राहिलं, होमाईबाईंचं सुरुवातीला राहिलं. आता राहायला नको.

जाता जाता त्या मुलीचं सांगते. आईनं रविवारचा एक तास कबूल केला. पहिल्या बारा फोटोंत आठ हलले होते, दोघांत स्वतःचंच बोट आलं होतं. एकात शेजाऱ्याचं कुत्रं होतं. बाराव्यात तिची आई चुलीपुढं बसलेली, बाजूच्या दारातून उजेड आलेला, आणि आई कॅमेऱ्याकडं नाही, लेकीकडं बघत होती. तो फोटो आईनं मला दाखवला. म्हणाली, "ताई, मी अशी दिसते होय?"

तुमच्या घरातली मुलगीही तुम्हाला बघते आहे. तिला एक तास द्या.